एवढी मोठी स्प्लीन सुटली कशी? एका क्लिनिकल पोस्टिंगचं प्रकरण

थेट प्रकरणावरच येते. मी मेडिकल कॉलेजात शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांची मेडिसिनची आतली परीक्षा होती, फायनलच्या चारेक महिने आधीची, आणि एका स्टेशनवर, म्हणजे परीक्षेतल्या एका थांब्यावर, पोट तपासायचं होतं. बेडवर पन्नाशीचे एक काका, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे (सीएमएल, रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार), स्प्लीन, म्हणजे डाव्या बरगड्यांआड असणारी प्लीहा, बेंबी ओलांडून उजवीकडे खाली उतरलेली. इतकी मोठी की काका उताणे झोपले की पोटाचा डावा भाग वर आलेला नुसत्या डोळ्यांना दिसायचा. वीस मुलांचा ग्रुप, प्रत्येकाला सहा मिनिटं. पलीकडच्या खोलीत असाच दुसरा पेशंट होता आणि आम्ही दोघांना आलटून पालटून घेत होतो, कारण एका माणसाच्या पोटावर सकाळभरात वीस जणांनी हात टाकणं बरोबर नाही, आणि एवढ्या मोठ्या स्प्लीनवर तर मुळीच नाही.

पहिली मुलगी आली. हात धुतले, नाव सांगितलं, परवानगी घेतली, काकांना गुडघे दुमडायला लावले, सगळं अगदी नीट. मग तिने उजवा हात डाव्या बरगड्यांच्या लगेच खाली ठेवला, काकांना मोठा श्वास घ्यायला सांगितला, दोनदा दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "स्प्लीन नॉट पाल्पेबल, मॅडम." म्हणजे हाताला लागत नाही.

तिचा अख्खा पंजा त्या स्प्लीनवरच होता. बोटांना कड लागली की आपण म्हणतो स्प्लीन लागली, आणि कड तर तिच्या हातापासून वीतभर खाली होती, मग हाताला नुसतं सपाट टणक काहीतरी लागलं आणि ते तिने पोटाचा स्नायू आवळलाय असं समजून सोडून दिलं. असं मला तिनेच नंतर सांगितलं.

मला वाटलं घाबरली असेल. पण दुसऱ्यानेही तेच केलं, तिसरीनेही तेच. वीसपैकी चौघांना स्प्लीन लागली. त्या चौघांतल्या एकाने आधी पायाशी उभं राहून पोट नीट बघितलं होतं, त्याला फुगवटा दिसला म्हणून तो खालून वर आला, म्हणजे डोळ्यांनी हाताला वाचवलं. बाकी सोळा जणांनी मोठी स्प्लीन चुकवली, आणि त्याच सोळा जणांना मी पुढचा प्रश्न विचारला की स्प्लीन प्रचंड मोठी होण्याची कारणं सांगा, तर एकही जण अडखळला नाही. सीएमएल, मायलोफायब्रोसिस, काळा आजार, मलेरिया, हेअरी सेल ल्युकेमिया, गोशे, धडाधड. कारणं तोंडपाठ आणि ज्याची कारणं सांगतोय ती वस्तू हाताखाली असून कळत नाही.

परीक्षा संपल्यावर काकांचे आभार मानायला गेले तर ते म्हणाले, "डॉक्टर, बरीचशी पोरं वरच दाबत होती हो. खाली कुणी आलंच नाही. मी सांगणार होतो, पण तुम्ही म्हणाला होता काही बोलायचं नाही." ते वाक्य मी तेव्हापासून धरून बसलेय.

आधी काय वाटलं

डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये ठरलेली वाक्यं आली. आताच्या मुलांना वॉर्डात यायला नको, दिवसभर एमसीक्यू सोडवत बसतात, आमच्या वेळी आम्ही रात्री वॉर्डात जाऊन केसेस बघायचो वगैरे. मीसुद्धा मान डोलावली. पण या मुलांची हजेरी चांगली होती, पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली शिकायची पाळी, बुडवणारा ग्रुप नव्हता हा. मग मी त्यांची लॉगबुकं मागवली.

लॉगबुकात प्रत्येक कौशल्यासमोर एक ओळ असते, तारीख आणि शिक्षकाची सही. पोटाची तपासणी, स्प्लीन आणि लिव्हरसह, या ओळीसमोर वीसच्या वीस जणांची सही होती. त्यातल्या नऊ सह्या माझ्या. आणि तारखा बघितल्या तर जवळजवळ सगळ्या पोस्टिंगच्या शेवटच्या दिवसाच्या. मला तो दिवस आठवतो, ओपीडी संपत आली होती, मुलं गठ्ठा घेऊन दाराशी उभी होती, मी पानं उलटत सह्या केल्या. मुलं आली होती, क्लिनिक झालं होतं, मग सही द्यायला काय हरकत, असाच हिशोब होता. पण लॉगबुकातली ओळ असं म्हणत नाही की मूल आलं होतं. ती म्हणते की याला हे करता येतं आणि मी ते पाहिलंय. मी पाहिलं नव्हतं.

मग मी एकेका मुलाला बोलावून एकच प्रश्न विचारला. मार्कांशी याचा काही संबंध नाही हे आधी सांगितलं आणि विचारलं, तू पेशंटचं पोट सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासतोयस आणि एखादा शिक्षक शेजारी उभा राहून फक्त तुझे हात बघतोय, असं आजवर कधी झालंय का?

तिघं म्हणाले हो, एकदा झालंय. बाकीचे थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले नाही. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, व्हायवात बघतात ना." म्हणजे त्याच्या डोक्यात शिक्षकाने बघणं ही गोष्ट परीक्षेतच होते, शिकताना नाही. पोहायला शिकवताना कुणी पोराला तलावाचा नकाशा पाठ करून घेऊन थेट शर्यतीत उतरवत नाही, आम्ही साधारण तेच करत होतो.

क्लिनिकमध्ये नेमकं काय घडतं

हे जरा जवळून सांगते. सकाळी दहा-बारा मुलं एका बेडभोवती उभी. एकजण केस प्रेझेंट करतो, म्हणजे हिस्ट्री (पेशंटने सांगितलेली आजाराची हकीकत) आणि तपासणीत काय मिळालं ते सांगतो. ही हिस्ट्री त्याने स्वतः घेतलेली असते, बऱ्याचदा चांगली घेतलेली असते. तपासणीचं मात्र अर्धं त्याने केलेलं असतं आणि अर्धं केसपेपरवरून घेतलेलं असतं, रेसिडेंटने, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरने, आदल्या रात्री लिहून ठेवलेलं असतं स्प्लीन (बरगडीखाली) आठ सेंटीमीटर, तेच तो म्हणतो स्प्लीन आठ सेंटीमीटर. यात लबाडी नाही, त्याला खरंच वाटतं की आपल्यालाही तेवढीच लागली, कारण आकडा आधी डोक्यात गेला की हात त्याला होकार देतो. शिक्षक विचारतात कारणं कोणती, दोन जण उत्तरं देतात, शिक्षक पंधरा मिनिटं छान शिकवतात, बोर्ड असेल तर बोर्डावर लिहितात. शेवटी म्हणतात सगळ्यांनी हात लावून बघा. मग रांगेने दहा हात त्या पोटावर येतात, प्रत्येकी पाच सेकंद, तेही जिथे पहिल्याने ठेवला तिथेच. पाठीमागे उभी असलेली दोन मुलं तेवढंही करत नाहीत, पेशंटला त्रास नको म्हणून, आणि खरं सांगायचं तर ती मुलं जास्त विचार करणारी असतात.

आणि सगळ्यांच्या मनात क्लिनिक झालं. शिक्षकांच्याही.

मुळात मुलांना पेशंटजवळ आणणं यासाठी फार मोठी धडपड झालेली आहे. हॉलंडमधल्या लेडनमध्ये हर्मन बूरहाव्हे या डॉक्टरने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा खाटांच्या वॉर्डात, सहा बायकांच्या आणि सहा पुरुषांच्या, मुलांना शिकवलं आणि युरोपभरातून लोक ते बघायला यायचे. डॉक्टर विल्यम ऑस्लरने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, ते मेडिकल स्कूल १८९३ ला सुरू झालं, मुलांना थेट वॉर्डात कामाला लावलं, आणि आपल्या थडग्यावर काही लिहायचंच असेल तर मी मुलांना वॉर्डात शिकवलं एवढं लिहा अशा अर्थाचं तो म्हणाला होता. मग १९१० चा फ्लेक्सनर रिपोर्ट. अब्राहम फ्लेक्सनर डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता, त्याने अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल स्कूल्स पाहिली, त्यातल्या कित्येकांकडे ना लॅब ना हॉस्पिटल, आणि त्यातून जो साचा पक्का झाला तो आजही ओळखू येतो: आधी दोन वर्षं सायन्स, नंतर दोन वर्षं हॉस्पिटल. देशोदेशी कोर्सची लांबी वेगळी, कुठे पाच वर्षं, कुठे सहा, कुठे आधी एक पदवी घेऊन मग चार, पण आधी शरीर शिका आणि मग आजारी माणूस बघा हा क्रम बहुतेक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या रूपात आहे.

या क्रमावर नंतर बरेच घाव घातले गेले. १९६९ ला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने लेक्चरांऐवजी लहान गटात एखादी समस्या घेऊन शिकायची पद्धत आणली. १९७५ ला स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डनने स्टेशनं लावून घ्यायची परीक्षा मांडली, ज्याला आपण ऑस्की म्हणतो, आणि तिच्यामुळेच आमचे सोळा जण सापडले, नाहीतर जुन्या लाँग केसमध्ये एग्झामिनर मुलाला एकटा सोडून जातो आणि नंतर येऊन फक्त ऐकतो, तिथे केसपेपरवरची आठ सेंटीमीटर बिनदिक्कत पास झाली असती. १९९० ला जॉर्ज मिलरने पिरॅमिड मांडला, तळाला माहीत आहे, त्यावर कसं करायचं ते माहीत आहे, त्यावर करून दाखवतो, आणि टोकाला प्रत्यक्ष कामात करतो. माझ्या नऊ सह्या तिसऱ्या पायरीच्या रकान्यात होत्या आणि मुलं दुसरीवरही धड नव्हती.

स्प्लीन तिरकी का येते

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे. ही मुलं पहिल्या वर्षी अॅनॅटॉमी शिकली होती. स्प्लीन नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते, तिचा लांब अक्ष दहाव्या बरगडीच्या रेषेत, हे त्यांना अजून येत होतं. डिसेक्शन हॉलमध्ये त्यांनी स्प्लीन हातात धरली होती. तिच्या खाली फ्रेनिकोकॉलिक लिगामेंट असतं, कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) कोपऱ्यापासून डायफ्रामपर्यंत (छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत) गेलेलं, फळीसारखं, स्प्लीनचं खालचं टोक त्यावर टेकतं, हेही त्यांनी एकदा लिहून मार्क मिळवले होते.

आता याच दोन ओळी बेडजवळ नेऊन ठेवा. वाढणाऱ्या स्प्लीनला सरळ खाली जायला ती फळी आडवी येते, मग ती दहाव्या बरगडीच्या रेषेतच पुढे सरकत तिरकी उजवीकडे खाली, राइट इलिअॅक फोसाच्या दिशेने जाते. म्हणून तपासणारा हात तिथून, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करायचा आणि एकेका श्वासाला थोडा थोडा सरकवत डाव्या बरगड्यांकडे न्यायचा. श्वास आत घेतला की स्प्लीन खाली येऊन बोटांना भेटते, आपण तिच्या मागे धावायचं नाही. कड लागली की मधल्या बाजूची खाच शोधायची, कड आणि बरगडी यांच्यामध्ये बोटं घुसतात का बघायचं, स्प्लीन असेल तर घुसत नाहीत, आणि ठोकून बघितलं की ठस्स आवाज येतो. काहीच लागलं नाही तर पेशंटला उजव्या कुशीवर वळवून पुन्हा एकदा. सर्वसाधारण स्प्लीन हाताला लागतच नाही, दुप्पट-तिप्पट झाल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे लागली नाही हे उत्तरही नीट शोधल्यावरच द्यायचं असतं.

सोळाही जणांना वरची अॅनॅटॉमी माहीत होती आणि खालून सुरुवात करा हे वाक्यही त्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं. पण ही पहिल्या वर्षाची गोष्ट आणि ही शेवटच्या वर्षाची, मध्ये कुणी दोरा ओवलेला नाही. मग खालून का सुरुवात करायची हे कळत नाही, आणि ज्याचं कारण कळत नाही ते घाईत पहिलं गळतं. अभ्यासक्रमाच्या कागदांवर याला व्हर्टिकल इंटिग्रेशन म्हणतात आणि त्यासाठी टाइमटेबलमध्ये रकानेही असतात, त्यात बहुतेक वेळा होतं काय तर तीन डिपार्टमेंटचे तीन लोक एकाच विषयावर पाठोपाठ तीन लेक्चरं देतात. ओवायचं काम मुलांवरच राहतं.

आम्ही काय बदललं

पुढच्या चार आठवड्यांच्या पोस्टिंगला हाच ग्रुप पुन्हा माझ्याकडे आला. गणित सोपं होतं. वीस मुलं, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, एकूण पाच तास. चार आठवड्यांत पाच तास काढता येत नाहीत असं म्हणणं मला स्वतःलाच पटेना, म्हणून रोज एका मुलाला पंधरा मिनिटं द्यायची असं ठरवलं, काही मी, काही माझे दोन सहकारी, काही सीनियर रेसिडेंट. यासाठी मिनी-सीईएक्सचा (mini-CEX) फॉर्म घेतला, नॉर्सिनी आणि मंडळींनी १९९५ ला रेसिडेंटसाठी मांडलेला प्रकार आहे तो, मूल खऱ्या पेशंटला तपासतं, शिक्षक बघतो, तोंड बंद ठेवतो, आणि नंतर पाच मिनिटं बोलतो.

त्याआधी एक दिवस अॅनॅटॉमीच्या सरांना वॉर्डात बोलावलं. कित्येक वर्षांत आलो नव्हतो म्हणाले. त्यांनी पेशंटच्या परवानगीने त्वचेवर मार्करने दहावी बरगडी काढली, फळी कुठे असेल ती रेघ काढली, आणि मग मी काही न बोलता, नेहमीच्या वेगाने, एकदा स्प्लीन तपासून दाखवली. मग तीच सावकाश, प्रत्येक पायरी का ते सांगत. मग एका मुलाने मला तोंडी सांगायचं आणि मी त्याच्या हुकमाने हात हलवायचे, त्याने पायरी चुकवली तर मी तिथेच थांबायचं. शेवटी त्याने स्वतः. पेटनच्या चार पायऱ्या म्हणतात याला. तिसरी पायरी लोक वेळ नाही म्हणून गाळतात आणि मला तीच सगळ्यात कामाची वाटली, कारण मुलाच्या डोक्यात काय आहे ते त्याचा हात हलायच्या आधीच ऐकू येतं.

आणखी दोन साध्या गोष्टी. केसपेपर तपासणी होईपर्यंत सिस्टरच्या टेबलावर, मुलांनी आधी बघायचा नाही. आणि सही फक्त बघितलेल्या माणसाने, बघितलेल्या दिवशी, एकावेळी एकच. गठ्ठा घेणं बंद.

सगळं सुरळीत झालं नाही. पहिल्या आठवड्यात रेसिडेंटने भरलेल्या सगळ्या फॉर्मवर एकच शब्द होता, छान. त्यांना वाईट लिहायला संकोच वाटत होता, आणि बघून नेमकं काय सांगायचं हे त्यांनाही कधी कुणी शिकवलेलं नव्हतं. मग फॉर्मवरचे आकडे काढून टाकले आणि दोनच प्रश्न ठेवले, हाताने काय बरोबर केलं आणि पुढच्या वेळी हाताने काय वेगळं करायचं. हाताने हा शब्द मुद्दाम घातला, म्हणजे वाचन वाढवा असलं काही लिहिता येत नाही. एक मुलगी, अभ्यासात वरची, माझ्यासमोर हात ठेवायलाच तयार नव्हती, बोटं थरथरत होती. तिला विचारलं तर म्हणाली चार वर्षांत कुणी बघितलं तर ते मार्क द्यायलाच बघितलंय. तिच्यासाठी पहिल्या दोन वेळा कागदावर काहीच लिहिलं नाही, तिसऱ्यांदा तिनेच फॉर्म पुढे केला. ओपीडीला त्याचा फटका बसला हेही खरं, पंधरा मिनिटं म्हणता म्हणता पंचवीस व्हायची आणि बाहेर लाइन वाढायची, सहकाऱ्यांची कुरकुर मला मान्य आहे.

महिन्याच्या शेवटी पुन्हा तेच स्टेशन लावलं, वेगळे पेशंट, एकाची स्प्लीन मोठी, एकाची बरगडीखाली जेमतेम तीन बोटं. वीसच्या वीस जणांनी खालून सुरुवात केली. मोठी सगळ्यांना लागली. छोटी काहींना सुटली, पण त्यांनी कुशीवर वळवून पाहिलं होतं, म्हणजे चूक आता बोटांच्या सरावाची होती, पद्धतीची नाही.

मला आनंद झाला आणि तो दोन आठवडे टिकला. नंतरच्या परीक्षेत मानेतल्या शिरेतला दाब, जेव्हीपी, बघायचा होता, आणि पुन्हा तेच चित्र, वेव्हजची नावं पाठ, आणि पेशंटला पंचेचाळीस अंशात बसवायचं कितीतरी जण विसरले. स्प्लीनचं शिकलेलं जेव्हीपीला आपोआप लागू होत नाही. एका गोष्टीतलं कौशल्य दुसरीत आपसूक जात नाही हे मेडिकल एज्युकेशनमध्ये फार जुनं निरीक्षण आहे, मी ते वर्कशॉपमध्ये शिकवतेसुद्धा, तरी मला वाटलं होतं की एकदा सवय लागली की लागली. म्हणजे प्रत्येक कौशल्याला पुन्हा पंधरा मिनिटं. लॉगबुकात अशा ओळी इतक्या आहेत की सगळ्या अशा बघायच्या म्हटल्या तर वर्षं पुरणार नाहीत. आम्ही यादीतून बारा निवडल्या, ज्या चुकल्या तर पेशंटचं थेट नुकसान होतं अशा, आणि त्या बाराच्या सह्या पाहिल्याशिवाय करायच्या नाहीत असं लेखी ठरवलं. बाकीच्या ओळींसमोर आता करता येतं असं लिहीत नाही, क्लिनिकला हजर एवढंच लिहितो. त्यावर वाद अजून चालू आहे, काहींना वाटतं त्याने कॉलेजचं लॉगबुक कमकुवत दिसतं.

काका काही महिन्यांनी फॉलोअपला आले. इमॅटिनिबच्या गोळ्या चालू होत्या, रक्त आटोक्यात आलं होतं, पँट सैल झाली म्हणून हसत होते. मी त्या पहिल्या मुलीला बोलावलं, केसपेपर टेबलावर पालथा ठेवला. तिने काकांना विचारून हात ऊबदार केले, उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवले आणि श्वासागणिक वर सरकत राहिली, बेंबी गेली, बरगडीपर्यंत आली, काही नाही. कुशीवर वळवलं, पुन्हा केलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "लागत नाही." मी तपासलं, मलाही लागली नाही. केसपेपर उलटा केला तर आदल्या दिवशी कुणीतरी लिहिलं होतं, स्प्लीन दोन बोटं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं तुला काय लागलं ते लिही, आणि तिने खाली तारीख टाकून लिहिलं.